भिंतीपासूनचं अंतर

ऑक्टोबर निम्मा सरला की इकडे परदेशात, सरे शहराच्या आमच्या या कडेला लाकडांचे ट्रक फिरायला लागतात. इथं अजून मोठी परसं उरली आहेत, परसात शेड आहेत आणि शेडच्या कडेला ताडपत्रीखाली लाकडं रचून ठेवणारी माणसं आहेत. मग एका ओल्या सकाळी पलीकडच्या छपरावरून पहिला धूर निघतो. माझ्या ऑफिसातल्या बायका ‘सो कोझी’ म्हणून ज्याला डोक्यावर घेतात, तो वास गल्लीभर पसरतो. मला तो आला की मी खिडकी लावून घेते. मंदार, माझा नवरा, काही बोलत नाही, कारण त्याला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त नानांना, आणि नाना आमच्याच बेसमेंटमध्ये राहतात.

नाना माझे वडील. मिरजेत त्यांनी जन्मभर पेट्या दुरुस्त केल्या. पेटी म्हणजे हार्मोनिअम. आमच्या घरात तिला दुसरं नाव नव्हतंच. लहानपणी मी शाळेतून आले की नाना भाता उघडून बसलेले असायचे, पुढ्यात पितळी सुरांची, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्यांची, रांग आणि हातात बारीक कानस. सूर एकदा खरवडायचा, फुंकून ऐकायचा, परत खरवडायचा. मध्येच कोणी बोललं की नुसती भुवई वर जायची. आई गेल्यावर मी त्यांना इथं घेऊन आले तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. इथं आणून त्यांना टीव्हीसमोर बसवलं, त्याचंही कौतुकच झालं.

वर्षभर ते बसले बापडे. मग एकदा शेजाऱ्यांबरोबर गुरुद्वाऱ्यात गेले, जेवले आणि उठता उठता तिथं कीर्तन करणाऱ्या ग्यानीजींना म्हणाले, “ग्यानीजी, बुरा मत मानो, आपके बाजे का पंचम उतरा है.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्यानीजी मात्र पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “बाबाजी, छह महीने से मैं यही कह रहा हूँ, कोई मानता ही नहीं.” पुढच्या रविवारी ते पेटी घेऊन आमच्या दारात हजर. महिन्याभरात बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. नाना परत भुवई वर करायला लागले, आणि ती वर गेलेली भुवई बघून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

तेव्हाच परसातली शेड त्यांना द्यायचं ठरलं. मागच्या मालकानं ती चांगली बांधली होती, आतून पांढऱ्या भिंती, बागेकडे खिडकी. फक्त तिथं गारठा आणि ओल. ओलीनं भात्याचं चामडं सुटतं, पट्ट्या अडकतात, आणि सरस तापवायलाही उष्णता हवीच. नाना दोन महिन्यांसाठी मिरजेला गेले होते. ते परत यायच्या आत तिथं लाकडाचा स्टोव्ह बसवून त्यांना चकित करायचं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. माझं डोकं एकदा काही घेऊन बसलं की मग कोणाचं ऐकत नाही.

बरं, मी काही अडाणी नाही. मेकॅनिकल इंजिनिअर आहे. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी कशी जाते, या विषयात मला कॉलेजात सगळ्यांत जास्त मार्क होते, आणि ते मी लग्नात सासरच्या माणसांनाही सांगितले होते. स्टोव्हच्या मागं लेबल होतं. जळाऊ पृष्ठभागापासून इतकं अंतर, बाजूनं इतकं, कोपऱ्यात लावला तर इतकं. मी ते वाचलं. टेपनं मोजलं. तेवढं अंतर सोडलं तर खिडकीखाली नानांचं बेंच बसत नव्हतं. एक वीत जागा कमी पडत होती.

बेंच खिडकीखालीच हवं होतं. सूर खरवडायला उजेड लागतो, आणि मला नाना तिथंच बसलेले दिसत होते. मग मी काय केलं, तर भिंतीवर सिमेंटचा बोर्ड ठोकला, त्यावर छान करड्या टाइल्स लावल्या आणि स्टोव्ह एक वीत मागं घेतला. आता भिंत जळाऊ कुठं राहिली? मंदार म्हणाला, “अगं, परमिट काढून एकदा कोणाला तरी दाखवू या.” मी म्हटलं, “शेडच तर आहे. काय बिघडतंय?”

‘भिंत जळाऊ कुठं राहिली’ या माझ्या वाक्याचा मी पुढं फार विचार केला. आपण भिंत म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असतं? दगड, वीट, माती. आमच्या मिरजेच्या न्हाणीघरात पाण्याचा बंब भिंतीला टेकून धडधडत असायचा, भिंत काळी व्हायची, दिवाळीला तिला चुना लागायचा, संपला विषय. भिंत जळते हे आपल्या भाषेत बसतच नाही. इथल्या घरात आल्या आल्या नानांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकून विचारलं होतं, “मधू, ही भिंत आहे की खोकं?” खोकंच. वरून पांढरा पुठ्ठेवजा थर, आत लाकडाचे उभे खांब आणि मध्ये पोकळी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं आणि तरी भिंत म्हटलं की माझ्या आतल्या मिरजेच्या मुलीला दगडच दिसत होता.

आणि लाकूड म्हटलं तरी आपल्याकडे दोन. वखारीत पाट्याच वेगळ्या असतात, इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड. एक घरात लागतं, दुसरं चुलीत जातं. आगीला ही पाटी वाचता येत नाही. स्टोव्हमध्ये घातलेलं तेवढं जळाऊ आणि टाइलच्या मागं उभं असलेलं इमारती, असं मी इंजिनिअर असूनही मनाशी धरून बसले होते.

तो हिवाळा मात्र, खरं सांगते, आमच्या घरातला सगळ्यांत सुखाचा होता. नाना मिरजेहून परत आले आणि बेंच त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकीखाली लावलं. नाना सकाळी नऊला स्वेटर घालून परसातून शेडकडे जायचे, ऑफिसला निघाल्यासारखे. मी घरून काम करत असले की खिडकीतून शेडच्या पाइपातला धूर दिसायचा, आणि मधूनच एक लांब, सरळ सूर यायचा. दुपारी मी चहा घेऊन जायची. आत सरसाचा, चामड्याचा, धुराचा वास. नाना स्टोव्हकडे पाठ करून बसलेले, पाठ शेकत. “आखडलेली कंबर सुटली बघ माझी,” म्हणायचे. “तुझ्या या शेगडीनं डॉक्टरला सुट्टी दिली.” मी फुशारून जायची. ग्यानीजी आले की स्टूल ओढून बसायचे आणि दोघं आपापल्या हिंदीत तासन्‌तास बोलायचे. एकमेकांचं निम्मंच कळत असणार, पण दोघांचं काही अडत नव्हतं.

जानेवारीत एकदा चहा घेताना नाना म्हणाले, “मधू, भाजका वास येतोय का गं?”

“कसला?”

“शेंगदाणे कढईत जरा जास्त राहिले की येतो तसा.”

मी नाक ओढून बघितलं. येत होता. आता लिहिताना कबूल करायला हरकत नाही, मला तो वास आला होता. मी म्हटलं, “नवीन स्टोव्ह आहे नाना, त्याचा रंग तापतोय. जाईल हळूहळू.” आठ-दहा दिवसांनी त्यांनी परत विचारलं. मीही परत रंगाचं नाव सांगितलं, या वेळी जरा चिडून, कारण माझी मीटिंग होती. मग त्यांनी विचारणं सोडलं. मुलगी इंजिनिअर आहे म्हटल्यावर बापानं किती वेळा विचारायचं?

फेब्रुवारीत घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं. फॉर्मवर प्रश्न होता, आवारात लाकडाचा स्टोव्ह आहे का. खोटं लिहायचा धीर झाला नाही. विमा कंपनीनं तपासणीचा दाखला मागितला आणि मी लाकडाचे स्टोव्ह तपासणाऱ्या एका परवानाधारक माणसाला बोलावलं. साठीचा, उंच, हळू बोलणारा. त्यानं बूट पुसले, स्टोव्हमागं टेप धरली, टाइलवर हात ठेवला आणि लगेच काढला. मग बाहेर जाऊन, भिंतीला वळसा घालून आला आणि म्हणाला, दोन टाइल काढल्या तर चालतील का?

टाइल निघाल्या, बोर्ड निघाला. मागचे खांब काळे होते. धुरानं काळे होतात तसे नव्हेत. त्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक आत गेलं आणि कोळशासारखा चुरा खाली पडला. त्यानं मला समजावून सांगितलं, जे मलाच त्याला सांगता यायला हवं होतं. टाइल उष्णता अडवत नाही, पुढं देते. बोर्ड भिंतीला चिकटवला की झालं काय, भिंत रोज भाजत राहिली. बोर्डामागं इंचभर पोकळी ठेवली असती, खालून हवा आत येऊन वरून बाहेर पडली असती, तर भिंत गार राहिली असती. आणि रोज भाजलेलं लाकूड पुढं पुढं कमी तापातही पेटतं, म्हणाला. आज पेटलं नाही म्हणून उद्या पेटणार नाही असं नसतं. त्या भिंतीपासून चार पावलांवर नानांचं स्टूल होतं.

नाना तिथंच उभे होते, हात मागं बांधून. इंग्रजी त्यांना फार कळत नाही, पण चेहरे कळतात. त्या माणसानं टेप गुंडाळली आणि मला विचारलं, “हू डिड द इन्स्टॉल?”

साधा प्रश्न होता. कागदावर एक रकाना भरायचा होता त्याला. मी म्हटलं, “माय डॅड. यू नो हाऊ दे डू थिंग्ज बॅक होम.”

माझी जीभ झडली कशी नाही! मला कोणी शिक्षा करणार नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. समोरच्या अनोळखी माणसासमोर मी मूर्ख दिसू नये, एवढंच कारण. मी इंजिनिअर आहे हे त्याला मीच दारात सांगितलं होतं. ते वाचवायला मी बाप पुढं केला, आणि बाप पुरेना म्हणून सगळी मिरज पुढं केली.

‘डॅड’ एवढा शब्द नानांना कळला. त्यांना वाटलं, मी ओळख करून देतेय. ते हसले, पुढं आले आणि त्यांनी हात पुढं केला. त्या माणसानं तो हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, कणव होती, आणि ती नानांना कौतुकासारखी वाटली. मी बाजूला उभी राहून सगळं बघत होते.

तो गेल्यावर नानांनी विचारलं, “काय म्हणाला गं?”

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मराठीत सांगायचं होतं, घरातल्या माणसाला. मी म्हटलं, “अंतर कमी पडलंय म्हणतोय. भिंत आतून जळत होती.” आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, म्हणून गेले, “नाना, बेंच लावताना तुम्ही स्टोव्ह मागं सरकवला होता का हो?”

 नानांनी बेंचकडे बघितलं, स्टोव्हकडे बघितलं. मग म्हणाले, “बेंच लावताना काहीतरी कचकन वाजलं होतं खरं. सरकवला असेल.”

स्टोव्ह सरकत नसतो. त्याचा धुराचा पाइप प्रत्येक सांध्याला तीन-तीन स्क्रूंनी आवळलेला असतो, वर छपरात पक्का असतो. एक वीत काय, बोटभर सरकवला तरी सगळा पाइप खाली येईल. हे मला माहीत होतं. ते स्क्रू मीच पिळले होते.

पुढं सगळं रीतसर झालं. मी परमिट काढलं. भिंत उघडून खांब बदलले. पत्र्याची ढाल केली, मागं इंचभर पोकळी, खाली-वर हवेला वाट. लेबलवरचं अंतर पूर्ण सोडलं. स्टोव्हच्या दारापुढं जमिनीवर ठिणग्यांसाठी रुंद लादी घातली, पाइप छपराच्या वर हवा तेवढा चढवला, धुराचा आणि विषारी वायूचा अलार्म लावला, राखेला झाकणाचा लोखंडी डबा आणला. बेंच खिडकीखाली बसलं नाही. ते आडवं लावलं आणि वर एक चांगला दिवा टांगला. नानांचं काहीच अडलं नाही. पहिल्याच दिवशी एवढं केलं असतं तरी अडलं नसतं. दाखला आला, मी तो खिळ्याला टांगला. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं नियमानं मी काही केलेलं नाही.

पण नाना पेटवेनात. शेडमध्ये जायचे, शाल पांघरून बसायचे, आणि मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, “जरा पेटवून देतेस? माझा हात नको.” मला वाटलं, चार दिवस घाबरतील. मग एकदा बघितलं, स्वयंपाकघरात चहाचं आधण गॅसवर ठेवून नुसते उभे आहेत, मंदार खाली यायची वाट बघत. ज्या माणसानं मिरजेत रोज सरस तापवला, आईच्या आजारपणात दोन वर्षं स्वयंपाक केला, तो बटन फिरवायला जावयाची वाट बघत होता. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही गं,” म्हणाले. “काय केलं, काय नाही. त्या स्टोव्हचंच बघ की.” त्यांना सगळं लक्षात राहतं. कोणत्या पेटीचा कोणता सूर कधी बदलला ते अजून सांगतात.

आणि एका दुपारी मी शेडच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी असताना आतून ऐकलं. नाना ग्यानीजींना सांगत होते, “मेरी ही गलती थी. बेटी का घर जला देता मैं.” ग्यानीजी म्हणाले, “छोड़ो बाबाजी, वाहेगुरु ने रख लिया.” दार ढकलून आत जायचं आणि एक वाक्य बोलायचं. हिंदीत, मराठीत, कशातही. मी आत गेले आणि विचारलं, “ग्यानीजी, चीनी कितनी?” ते कित्येक महिने आमच्याकडे चहा घेत होते.

मंदार सुरुवातीला म्हणायचा, सांगून टाक. मग म्हणायचा बंद झाला.  मी स्वतःला सांगायचे, आता सांगून काय उपयोग, नाना विसरतील, उगाच कशाला उकरायचं. गुन्हेगार माणूस किती समंजस बोलतो ते मी माझ्याच तोंडून ऐकलं आहे. आतल्या आत काहीतरी भाजत राहतं आणि वरून टाइल्स छान दिसतात.

यंदा पहिला धूर निघाला त्याच आठवड्यात नानांनी जेवताना सांगितलं, “मी मिरजेला जातो. कायमचा. आक्काशी बोललोय.” आक्का म्हणजे माझी आत्या, त्यांची थोरली बहीण. मी म्हटलं, “आणि पेट्या?” म्हणाले, “ग्यानीजींना सांगितलंय, दिवाळीपर्यंत आहेत तेवढ्या करून देतो.” कारण विचारलं तर म्हणाले थंडी. ज्या माणसाची कंबर इथल्या थंडीत सुटली, तो थंडीचं कारण सांगत होता.

ती रात्र मी कशीबशी काढली आणि सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन समोर बसले. सगळं सांगितलं. लेबल, एक वीत, टाइल्स, भाजका वास, तो माणूस, ‘डॅड’. काही गाळलं नाही. “तुम्ही तेव्हा मिरजेहून परतलाही नव्हता नाना. स्टोव्ह मी चुकीचा बसवला. तुम्ही काही सरकवलं नाही. मी त्याला खोटं सांगितलं आणि मग तुम्हालाही.” मी रडत होते, त्यामुळं नीट बोलताही येत नव्हतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बसवलास तू, ते कुठं नाकारतोय. पण सरकवला मी.”

“सरकूच शकत नाही नाना. स्क्रू असतात. चला, दाखवते.”

“दाखवशील की. इंजिनिअर आहेस, काहीही सिद्ध करून दाखवशील.” ते हसत होते. “म्हातारा जाऊ नये म्हणून एवढं रचलंस होय? माझं मन राखायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेस?”

“नाना, खरं सांगतेय.”

“बरं, खरं,” ते म्हणाले, लहान मुलीला म्हणावं तसं.

मग त्यांनी टेबलावरचा फोन घेतला आणि मिरजेला लावला. तिकडे आत्याकडे रात्रीची जेवणं उरकली होती. नानांना फोन कानाला धरायला आवडत नाही, म्हणून तो नेहमी स्पीकरवर असतो. “आक्का,” ते म्हणाले, “माझी चूक पोर स्वतःच्या अंगावर घेतेय बघ. मी थांबावं म्हणून. अशा पोरीच्या घराला माझ्या हातनं काही झालं तर मला कुठं तोंड दाखवायला जागा राहील? म्हणून येतो म्हटलं.”

आत्या पलीकडून म्हणाली, “गुणाची आहे रे ती. दे बघू तिला.”

नानांनी डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढं धरला.